रिबीन निवडताना रंगाआधी काठ पाहावा

आपण चार गोष्टी विचारल्या आहेत. रिबीन, फीत, लेस आणि नाडी यांत नेमका फरक काय. एकाच रंगाच्या आणि एकाच रुंदीच्या दोन रिबिनींच्या किमतीत कित्येक पटींचा फरक का पडतो आणि कोणती कशासाठी घ्यावी. रिबिनीच्या रंगांना ठरलेले अर्थ असतात का. आणि आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातील पदकांच्या फिती विरल्या आहेत, त्या बदलाव्यात का. मी फिती, पट्ट्या आणि लेबले विणणाऱ्या कारखान्यांत काम केलेला वस्त्रतंत्रज्ञ आहे. त्यामुळे माझे उत्तर कापडापासून सुरू होईल आणि रंगांकडे उशिरा वळेल. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण रिबिनीच्या बाबतीत होणारी बहुतेक फसगत रंग आधी पाहिल्यामुळे होते.

विणकामाच्या धंद्यात रिबीन म्हणजे दोन्ही बाजूंना पक्के काठ घेऊनच मागावरून उतरलेले अरुंद पन्ह्याचे कापड. साडीचा किंवा शर्टिंगचा पन्हा मीटरभर आणि त्याहून अधिक असतो. अरुंद कापडाचा पन्हा साधारण 30 सेंटिमीटरच्या आत राहतो आणि रिबिनीचा तर बहुधा तीन मिलिमीटर ते दहा सेंटिमीटर यांच्या दरम्यान असतो. या कुळात आपल्या घरातील पुष्कळ वस्तू येतात. खाटेची नवार ही भार पेलण्यासाठी जाड सुताची, घट्ट विणलेली पट्टी आहे, आणि दप्तराचे पट्टे किंवा मोटारीतील सुरक्षापट्टा हे तिचेच आजचे वंशज आहेत. परकराची नाडी गाठ धरून ठेवण्यासाठी असते, म्हणून ती खरखरीत असणेच चांगले. फीत हा शब्द मराठीत फार ऐसपैस वापरला जातो. कचेरीतील दप्तर बांधण्याच्या सुती पट्टीपासून ध्वनिफितीपर्यंत सगळे त्यात बसते. बाजारात रिबीन म्हटले की मात्र प्रामुख्याने दिसण्यासाठी विणलेली पट्टी समजावी. लेसचे म्हणाल, तर तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला प्रत्येक शोभेच्या पट्टीला लेस म्हणतात, पण खरी लेस ही धाग्यांनी जाळी करून बनवलेली असते. तिच्यात भोके हीच नक्षी असते.

यातून एक गोष्ट वगळली पाहिजे, कारण तिच्यामुळे शिवणकामात घोटाळा होतो. शिंपी ज्याला उरेब पट्टी म्हणतात, ती रिबीन नव्हे. उरेब पट्टी साध्या कापडातून तिरपी कापलेली असते, म्हणून ती ताणली जाते आणि गोल गळ्याभोवती किंवा बाहीच्या मुंढ्याभोवती सुरकुती न पडता वळते. रिबिनीचे उभे धागे तिच्या लांबीला समांतर असल्याने ती लांबीत जवळजवळ ताणत नाही. गोल गळ्याला साटिनची रिबीन लावण्याचा प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकाला आतल्या बाजूला चुण्या मिळतात आणि दोष शिलाईला दिला जातो.

आता काठाकडे येतो, कारण किमतीचा आणि टिकाऊपणाचा बराचसा उलगडा तेथेच होतो.

धोटा म्हणजे आडव्या धाग्याची कांडी वाहून नेणारे साधन. धोट्याच्या मागावर हा आडवा धागा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो, वळतो आणि परत येतो, त्यामुळे दोन्ही काठ सारखे, मऊ आणि न उसवणारे होतात. हा माग सावकाश चालतो, म्हणून त्यावर विणलेली रिबीन आज कमी मिळते आणि महाग असते. सध्याची बहुतेक विणलेली रिबीन नीडल लूमवर होते. त्यात धोटा नसतो. वाकड्या आकाराची एक सुई आडवा धागा एकाच बाजूने दुहेरी आत नेते, आणि पलीकडच्या काठावर स्वेटर विणण्याच्या मशीनमध्ये असते तशी आकड्याची छोटी सुई त्या धाग्याचा फास पकडून आधीच्या फासातून ओढून घेते. म्हणजे अशा रिबिनीचा एक काठ विणलेला असतो आणि दुसऱ्या काठावर साखळीसारखे बारीक टाके असतात. भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठे करून पाहिले की हा फरक स्पष्ट दिसतो. हे फास केवळ एकमेकांतच अडकवलेले असतील, तर धाग्याचे टोक सुटताच स्वेटर उसवावा तसा तो काठ सरसर उसवतो. चांगला कारखाना तेथे आणखी एक बारीक बांधणीचा धागा चालवतो, म्हणजे फास जागेवर अडकून राहतो. दुकानात तपासायचे असेल तर कापलेल्या टोकाशी त्या काठाचा धागा नखाने हळूच ओढून पाहावा, आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून पाहावा, कारण हा काठ एकाच दिशेने उसवतो. बोटभर उसवण्याच्या आत अडकला तर रिबीन शिवणकामाला योग्य. सलग उसवत गेला तर ती भेटवस्तूच्या खोक्यावरच शोभेल.

तिसरा प्रकार वरच्या व्याख्येत बसत नाही, तरी बाजारात तोही रिबीन म्हणूनच विकला जातो. तो म्हणजे रुंद कापड विणून ते गरम पात्याने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने पट्ट्यांत चिरणे. पॉलिएस्टर, नायलॉन किंवा ॲसिटेट यांचे धागे उष्णतेने वितळून कडेला एकमेकांना चिकटतात, आणि तोच या रिबिनीचा काठ असतो. ही रिबीन स्वस्त पडते, दिसायला प्रथमदर्शनी तितकीच सुंदर असते आणि छपाईसाठी सोयीची असते. परंतु वितळलेली कड कडक आणि धारदार होते, धुण्यांत ती तडकते आणि मग धागे सुटू लागतात. नव्या शर्टाच्या मानेजवळचे लेबल टोचते, तेव्हा बहुधा अशीच वितळवून कापलेली कड टोचत असते. नीडल लूमवर त्याच रुंदीत विणलेले लेबल टोचत नाही, पण ते महाग पडते. बाळाच्या झबल्याला किंवा टोपड्याला चिरलेल्या काठाची रिबीन लावू नये. कोणत्याही काठाची असली, तरी तान्ह्या बाळाच्या गळ्याभोवती लांब मोकळी रिबीन ठेवू नये, हेही येथेच सांगतो. कुंचीचे बंद दिसायला गोड असतात, परंतु पाळण्याच्या गजात किंवा खेळण्यात अडकून फास बसण्याचा धोका खरा असतो, आणि म्हणूनच अनेक देशांच्या नियमांनी लहान मुलांच्या कपड्यांत गळ्याजवळच्या लोंबत्या दोऱ्यांवर बंधने घातली आहेत.

काठानंतर वीण. साटिन हे धाग्याचे नाव नसून विणीचे नाव आहे. या विणीत उभा धागा चार किंवा सात आडव्या धाग्यांवरून सलग तरंगत जातो आणि एकदाच खाली जातो. त्या लांब तरंगांवरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि चकाकी येते. तरंग जितका लांब तितकी चकाकी अधिक, पण अंगठीला किंवा नखाला अडकून धागा ओढला जाण्याची शक्यताही तितकीच अधिक. एकेरी साटिनची मागची बाजू मंद असते. दुहेरी साटिनमध्ये दोन्ही बाजूंना उभ्या धाग्यांचा थर असल्याने सूत जास्त लागते. एकाच रंगाच्या दोन रिबिनींच्या किमतीत पडणाऱ्या फरकाची कारणे येथे एकत्र येतात: काठ चिरलेला की विणलेला, साटिन एकेरी की दुहेरी, सेंटिमीटरमागे उभे धागे किती, आणि कडकपणा विणीतून आला आहे की खळीतून. खळ ओळखणे सोपे आहे. रिबिनीचा तुकडा तळहातात घट्ट चुरगाळावा. उघडल्यावर पांढुरक्या मोडीच्या रेषा उरल्या तर त्या रिबिनीचे अंग खळीने आणलेले आहे आणि पहिल्या धुण्यात ते जाणार आहे.

आडव्या उंचवट्यांच्या रिबिनीला बाजारात ग्रोग्रेन म्हणतात. तिच्यात उभे धागे बारीक आणि दाट, तर आडवा धागा जाड असतो, म्हणून पृष्ठभागावर आडव्या बारीक धारा उठतात. माझ्या मते व्यवहारात सर्वाधिक उपयोगी रिबीन हीच आहे. ती घसरत नाही, तिची गाठ सुटत नाही, ती फार चमकत नाही आणि शिलाईखाली सरकत नाही. टोप्या, कमरपट्ट्या, ओळखपत्राचे गळपट्टे आणि स्वेटरच्या बटणपट्टीला आतून द्यायचा आधार यांसाठी दुसरी रिबीन शोधू नये. तिचाच एक भाऊबंद पीटरशॅम. त्याच्या काठावर सूक्ष्म फास सोडलेले असतात. सुती किंवा व्हिस्कोसचा असेल तर वाफेच्या इस्त्रीने तो वक्राकार घडवता येतो, आणि म्हणून टोपी करणारे कारागीर तोच मागतात. ऑर्गन्झा पारदर्शक आणि ताठ असते, मखमली रिबीन उबदार दिसते, तारेच्या काठाची रिबीन वळवू तशी राहते. या तिन्हींचे उपयोग सजावटीपुरते आहेत, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

आपला रिबिनीचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे शाळकरी मुलींच्या वेण्या. दोन वेण्या दुमडून वर बांधायच्या आणि गणवेशाला साजेशा लाल, पांढऱ्या किंवा काळ्या रिबिनींची फुले करायची, हा महाराष्ट्रातील कित्येक शाळांचा वर्षानुवर्षांचा दंडक आहे. त्यासाठी साधारण एक इंच रुंदीची, साध्या विणीची नायलॉनची रिबीन प्रचारात आली, आणि ती निवड अगदी योग्य होती. सुती फितीचे फूल दुपारपर्यंत मान टाकते आणि साटिनची गाठ तेलकट केसांवरून घसरते, तर नायलॉनची साधी वीण ताठ राहते, तेल शोषत नाही आणि रात्री धुतली तर सकाळी वाळलेली मिळते. टोक तिरपे कापून मेणबत्तीच्या ज्योतीत न धरता ज्योतीजवळून झरकन फिरवले की धागे वितळून जुळतात. हे काम मोठ्यांनी करावे, कारण वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. नायलॉनचा सामान्य प्रकार 220 अंश सेल्सियसच्या आसपास आणि पॉलिएस्टर 255 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून नायलॉनच्या रिबिनीवर सुती कपड्याच्या तापमानाची इस्त्री फिरवू नये. केसांच्या बाबतीत एक सूचना डॉक्टरांच्या वतीने करतो: वेणी रोज फार ताणून बांधली तर कपाळाजवळचे केस मुळापासून कमकुवत होतात. रिबीन वेणीच्या टोकाला घट्ट असावी, मुळाशी नव्हे.

धागा कोणता हे कळत नसेल तर चिमट्यात धरून तुकड्याचे टोक जाळून पाहावे. पॉलिएस्टर आणि नायलॉन ज्योतीपासून आक्रसतात आणि त्यांचा कडक मणी होतो. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात व मऊ राख उरते. अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याचा काळा गोळा बोटांनी चुरडता येतो. फुलवाल्यांकडील कडक, झगझगीत रिबीन ॲसिटेटची असेल तर नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनमध्ये ती विरघळते. रंगाची चाचणी यापेक्षाही महत्त्वाची आहे. पांढऱ्या फ्रॉकला लाल रिबीन लावण्यापूर्वी तिचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून वरून इस्त्री फिरवावी. कापडावर डाग उमटला तर ती रिबीन त्या फ्रॉकसाठी नाही. सुती फीत असेल तर शिवण्यापूर्वी ती पाण्यातून काढावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि कापडाला चुण्या पडतात.

भेटवस्तूंवरील जी रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढली की कुरळी होते, ती विणलेली नसतेच. ती पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची पट्टी असते. पात्यावरून वळताना तिचा बाहेरचा थर कायमचा ताणला जातो, आतला तितका ताणला जात नाही, आणि हा लांबीतील फरक तिला पात्याच्या बाजूकडे वळवतो. पुष्कळ जण ती झटक्याने ओढतात. सावकाश, सारख्या ताणाने ओढल्यास वळे अधिक घट्ट येते, कारण त्या थराला ताण घेण्यास वेळ मिळतो. साटिनवर हा प्रयोग करणे व्यर्थ आहे. पुष्पगुच्छालाही पॉलिप्रोपिलीनच बरे, कारण ते पाणी शोषत नाही.

उद्घाटनाच्या फितीबद्दल थोडक्यात. रुंद साटिन दिसायला चांगले, पण ढिले बांधले तर ते कात्रीच्या पात्यांत दुमडते आणि प्रमुख पाहुणे कॅमेऱ्यांसमोर झटापट करत बसतात. फीत ताणून बांधावी, दोन इंचांपेक्षा रुंद असू नये, आणि ताटात ठेवलेली कात्री शिंप्याची असावी, शोभेची नसावी. कात्रीची परीक्षा आदल्या दिवशी त्याच फितीच्या तुकड्यावर घ्यावी. ही साधी गोष्ट फारच थोडे आयोजक करतात.

टाइपरायटरची रिबीन हीही याच कुळातील आहे का, असे आपण ओझरते विचारले आहे. होय, आणि विणकराच्या दृष्टीने ती साटिनपेक्षा अवघड आहे. साधारण अर्धा इंच रुंदीचे, अतिशय बारीक सुताचे किंवा नायलॉनचे साध्या विणीचे ते कापड असते. धाग्यांमधील सूक्ष्म फटींत न वाळणारी तेलकट शाई धरून ठेवली जाते, आणि अक्षराचा खिळा आपटून गेल्यावर आजूबाजूची शाई हळूहळू त्या जागी सरकते, म्हणून तीच रिबीन अनेकदा वापरता येते. टोकाजवळ बसवलेली धातूची छोटी कडी यंत्राला रिबीन उलट फिरवण्याची खूण देते. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणल्यानंतर कचेऱ्या, न्यायालये आणि टंकलेखन संस्था यांमुळे या रिबिनीला आपल्याकडे दीर्घकाळ मागणी राहिली. बँकेच्या पासबुकाच्या छपाईयंत्रात आजही नायलॉनची शाईची रिबीन फिरते. बारकोड छापण्याच्या यंत्रातील रिबीन मात्र विणलेली नसते; ती काही मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते आणि तिच्यावरचा मेणाचा किंवा रेझिनचा थर उष्णतेने उतरतो. गंमत अशी की कपड्यांवरील धुण्याच्या सूचनांची बरीच लेबले याच पद्धतीने, म्हणजे रेझिनच्या रिबिनीने साटिनच्या रिबिनीवर छापलेली असतात.

रंगांच्या अर्थांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास आवश्यक आहे, कारण रिबीन स्वस्त नसती तर आजचे बरेच अर्थ तिला चिकटलेच नसते. एका मागावर एक विणकर एका वेळी एकच फीत विणत असे, तोपर्यंत रेशमी रिबीन हा श्रीमंतांचा अलंकार होता. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये एकाच वेळी अनेक फिती विणणारा माग प्रचारात आला, आणि विणकरांचा रोजगार जाईल या भीतीने युरोपातील काही शहरांनी त्यावर बंदी घातली. तरी तो पसरला. स्वित्झर्लंडमधील बाझेल, फ्रान्समधील सें-एतियेन आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री ही रिबिनीची शहरे झाली. बाझेलमधील रासायनिक उद्योगाच्या वाढीलाही तेथील रेशमी रिबिनीला लागणाऱ्या रंगांची मागणी कारणीभूत होती. कॉव्हेंट्रीची कथा अधिक कटू आहे. 1860 च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारी कराराने फ्रेंच रेशमावरील आयातकर उठला आणि तेथील रिबिनीचा धंदा कोसळला. हजारो कुटुंबे देशोधडीला लागली असताना टॉमस स्टीव्हन्स या कारखानदाराने जकार्ड मागावर, म्हणजे विणीतच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, रिबिनीच्या रुंदीतच चित्रे आणि पुस्तकातील खुणेच्या पट्ट्या विणायला सुरुवात केली. त्याची ती विणलेली चित्रे आजही संग्राहक जपून ठेवतात. रिबिनीवर मजकूर आणि चिन्ह विणून विकता येते, हे त्यामुळे बाजाराला चांगलेच पटले.

आता रंगांच्या अर्थांविषयी. माझे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. इंटरनेटवर फिरणारे ‘कोणत्या रंगाची रिबीन कशाचे प्रतीक’ असे तक्ते मी विश्वासार्ह मानत नाही. रिबिनीच्या रंगाला पक्का अर्थ केवळ तेथेच असतो जेथे तो ठरवणारी अधिकृत सत्ता असते, म्हणजे पदके, सन्मान आणि गणवेश. इतरत्र अर्थ रूढीने येतो आणि रूढीबरोबर बदलतो.

लाल रिबिनीचे पाहा. एड्सविषयी सहवेदनेचे चिन्ह म्हणून ती 1991 मध्ये न्यूयॉर्कमधील कलावंतांच्या एका गटाने तयार केली. त्यांनी तिच्यावर मालकी हक्क मुद्दाम ठेवला नाही; कोणीही बोटभर रिबीन घ्यावी, एक वळसा द्यावा आणि टाचणीने छातीवर लावावी, इतकी ती सोपी ठेवली, आणि म्हणूनच ती जगभर गेली. भारतात महाविद्यालयांमधून रेड रिबन क्लब स्थापन झाले, आणि 1 डिसेंबर 2007 रोजी रेड रिबन एक्सप्रेस ही जनजागृतीची रेल्वेगाडी दिल्लीहून निघाली. गुलाबी रिबिनीचा जन्म तर जवळजवळ अपघाताने झाला. अमेरिकेत शार्लट हेली या बाई कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी अधिक निधी मिळावा म्हणून फिकट नारिंगी रंगाच्या रिबिनी घरी करून वाटत होत्या. 1992 मध्ये एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने त्यांना सहकार्य मागितले. आपल्या कामाला व्यापारी वळण लागेल म्हणून त्यांनी ते नाकारले, आणि वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलून गुलाबी घेण्यात आला. गुलाबी रंगात त्या आजाराचे असे काही नाही; तो केवळ दुसरा रंग होता.

पांढरी रिबीन आज बहुतेकांना स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात पुरुषांनी 1991 मध्ये कॅनडात सुरू केलेल्या मोहिमेमुळे ठाऊक आहे. परंतु त्याआधी शंभरेक वर्षे ती अमेरिकेतील ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेचे चिन्ह होती, आणि 1886 ते 1888 या काळात अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाई त्या संघटनेच्या कार्याशी जोडल्या गेल्या होत्या. एकच रंग, एकच वस्तू, आणि दोन वेगळ्या चळवळी. आपल्याकडे काळ्या फिती लावून काम करणे हा कर्मचाऱ्यांचा निषेधाचा रूढ प्रकार आहे. तीच काळी फीत खेळाडूच्या दंडावर असेल तर ती बहुधा शोकाची असते. म्हणून आपल्या संस्थेच्या कार्यक्रमासाठी रिबिनीचा रंग निवडताना तक्ता न पाहता, उपस्थितांना त्या रंगाचा कोणता अर्थ आधीपासून माहीत आहे याचा विचार करावा, आणि शंका असेल तर रिबिनीवर दोन शब्द छापून घ्यावेत.

पदकांच्या बाबतीत असे सैल चालत नाही. तेथे रंग, रेघांचा क्रम आणि रुंदी राजपत्रातून ठरते. 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झालेल्या परमवीर चक्राची फीत 32 मिलिमीटर रुंद आणि एकरंगी जांभळी आहे. महावीर चक्राची अर्धी पांढरी व अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी व अर्धी केशरी. अशोक चक्राच्या हिरव्या फितीवर मधोमध एक केशरी रेघ असते, कीर्ती चक्राच्या फितीवर दोन आणि शौर्य चक्राच्या फितीवर तीन. या पदकांचे आरेखन सावित्रीबाई खानोलकर यांनी केले. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून येथल्याच झाल्या. विणकराच्या नजरेने पाहिले तर रेघा नेहमी लांबीच्या दिशेनेच का, याचेही उत्तर सोपे आहे. उभे धागे बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, भरताना रंगांचा क्रम एकदा लावला की हजारो मीटर फितीत तो आपोआप येतो. आडव्या रेघांसाठी प्रत्येक वेळी धागा बदलावा लागला असता. सैनिक रोजच्या गणवेशावर पदक न लावता केवळ फितीची छोटी पट्टी लावतो, आणि जाणकार त्या रेघांवरून त्याची सेवा वाचतो.

आता आपल्या आजोबांच्या पदकांबद्दल. आपण लिहिले आहे की ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. याच आघाडीवर 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे यांना 1944 मधील आणि नामदेव जाधव यांना 1945 मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यातील घाडगे यांना मरणोत्तर. आपल्याकडच्या पदकांत इटली स्टार असेल तर त्याच्या फितीवर लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल असे इटलीच्या ध्वजाच्या रंगांचे पट्टे असतील. ती दोन्हीकडून सारखी असल्याने उलटी लागण्याचा प्रश्न नाही. 1939-45 स्टारची फीत मात्र सममित नाही. तिच्यावर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन पट्टे आहेत, ते अनुक्रमे नौदल, भूदल आणि हवाई दल यांचे. आफ्रिका स्टारही असेल तर त्याच्या वाळूच्या रंगाच्या फितीवर मधोमध लाल पट्टा असून एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी रेघ आहे. या दोन्हींत गडद निळा रंग धारण करणाऱ्याच्या डाव्या खांद्यापासून दूर, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा लागतो. चौकटीत बसवून घेताना ही चूक वारंवार होते, म्हणून चौकट करणाऱ्याला पदके देण्याआधीच हे लिहून द्यावे.

मूळ फीत धुऊ नये. त्या काळातील रंग पाण्यात सुटतात आणि विरलेले उभे धागे ओले झाल्यावर तुटतात. काही फितींवर लाटांसारखी पाणीदार झळाळी दिसते. ती आडव्या धारांची फीत दुहेरी करून प्रचंड दाबाखाली काढल्याने आलेली असते, आणि वाफेच्या इस्त्रीने ती कायमची जाते. पदक नुसते जपून ठेवायचे असेल तर विरलेली फीत आहे तशीच राहू द्यावी, कारण तिच्यावरच्या घड्या आणि टाचणीच्या खुणा हा त्या पदकाचाच भाग आहे. ते टांगायचे किंवा समारंभात मिरवायचे असेल, तर फितीवर भार येणार आहे, म्हणून नवी फीत लावावीच. या स्टारच्या फितीची रुंदी 32 मिलिमीटर असते आणि एका पदकाला साधारण 15 सेंटिमीटर फीत पुरते. दुकानात रंग मिळतेजुळते आहेत म्हणून साटिन घेऊ नये. पदकाची फीत बारीक आडव्या धारांची, मंद चकाकीची आणि दोन्ही काठ विणलेली असली पाहिजे. जुनी फीत आम्लविरहित कागदात सपाट ठेवावी, घडी करू नये, ती कोणत्या पदकाची आहे हे कागदावर पेन्सिलीने लिहावे, आणि ते पाकीट पदकाच्या पेटीतच परंतु धातूला स्पर्श होणार नाही असे ठेवावे.